श्रीमती सरवटे

एम. वाय.च्या खिडकीत
नवऱ्याचं नाव विचारलं
तर गुणवंती म्हणाली, सरवटे.
उभी राहते तो स्टँड.
कारकुनानं मान वर न करता लिहून घेतलं.

मनगट?
"पोह्यांच्या गाडीपाशी घसरले."
डॉक्टरीणबाई दंडावरचे वळ बघत राहिल्या,
चार बोटं, एक अंगठा.

माझ्या पिशवीतली पाकिटं
ती दोनच घेते.
जास्त सापडली की हवालदार मोजतो,
मोजून हप्ता वाढवतो.
आणि तिसरा आला तर?
"तिसऱ्यानंच तर मोडलं हे, ताई.
असं नको म्हटलं, म्हणून."

"श्रीमती सरवटे!"
बाकावरून कुणी उठेना.
दुसऱ्या हाकेला तिला आठवलं.
हसायला गेली,
ओठ फुटलेला,
अर्ध्यावरच थांबली.