चोवीस तास

खडा उडाला तो संकेश्वरच्या अलीकडं,
उसाच्या ट्रॉलीमागून.
टप्प. एवढंच.
काचेवर मोहरीएवढा पांढरा डोळा.

तनुजा म्हणाली, नेलपॉलिश लाव, बिनरंगाची.
आईची राहिलीय कपाटात.
लावली. वाळेपर्यंत दोघं फुंकर घालत बसलो.
आठ दिवस मोहरीनं दम धरला.
नवव्या दिवशी मच्छेच्या गतिरोधकावर
मागचं चाक आदळलं, आणि
माझ्या डोळ्यांदेखत ती निघाली,
आधी वायपरकडं, मग काही आठवल्यासारखी वळून
डावीकडं, मंदा बसायची तिकडं.
(मंदा सध्या धारवाडला असते, नोकरीला.
सध्या म्हणजे तीन वर्षं.)

रेघ म्हटलं की आमच्याकडं माणसं नकाशा काढतात.
ही तसली नव्हे.
काचेवरची रेघ आहे, वीतभर.

जुन्या पी. बी. रोडला दस्तगीरचं दुकान.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
त्यातल्या 'काच'चा काना गळालेला.
त्यानं दोन रुपयांचं नाणं काढून काचेवर ठेवलं.
"ह्याच्याखाली मावलं असतं तर भरून दिलो असतो ओ सर.
पाचशेचं काम. औषध भरतंय, उजेड दाखवला की घट्ट होतंय.
डाग दिसतंय तसाच,
पर पुढं जात नाही."
नाणं परत खिशात.
"लेट केलासा."

आता भरून थांबणार नाही का?
"थांबंल. नाहीतर घाटात तोंडावर येईल."
आतून यल्लाप्पा ओरडला, ऐदु साविरद ऐनूरु!
मी कन्नडात घासाघीस केली,
दस्तगीरनं मराठीत नकार दिला.

चहा आला. स्टुलावर बसून काच बघत राहिलो.
वरच्या कोपऱ्यात दवाखान्याच्या पार्किंगचा पास,
तनुजा झाली त्या आठवड्याचा.
खाली डावीकडं एक टिकली,
मरून होती, आता कसलीच नाही.
तडा तिच्या चार बोटं अलीकडं थांबलेला.
भरून घेतली असती गेल्याच सोमवारी
तर हे सगळं राहिलं असतं,
पाचशेत.

"हे काढून ठिवू काय?" त्यानं नख लावलं.
नको, म्हणालो. काचेबरोबर जाऊ दे.

तारेनं कापतात काच,
एकजण आत, एकजण बाहेर,
करवतीसारखी ओढत, एकमेकांकडं न बघता.
अख्खी निघाली. भिंतीला टेकवली.
गाडीत समोरून वारा शिरला,
डॅशबोर्डवरच्या पावत्या रस्त्यावर.

नवी बसवल्यावर दस्तगीर म्हणाला,
"चोवीस तास दार आपटायचं नाही ओ.
एक खिडकी बोटभर उघडी सोडा.
आत हवा कोंडली की काच उचलतंय."

ह्या गाडीची दारं हळू लावलेली
मला एकदाही आठवत नाहीत.

गोवावेसला क्लास सुटला. तनुजानं दार उघडलं,
मी फक्त हात वर केला.
तिनं दोन्ही हातांनी धरून, झोपलेलं मूल ठेवावं तसं
ओढून घेतलं. लागलं की नाही कळेना.
पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं.
कुणी काही बोललं नाही.

बोटभर फटीतून भज्यांचा वास येत होता.
समोर इतकं स्वच्छ होतं
की पहिल्या सिग्नलला मी हात पुढं करून बघितला,
काच आहे ना.