लाकडी पेरू

जांभळीकट्टीच्या इगर्जीत रंगाचं काम घेतलं
तेव्हा बस्त्यावने आधी चपला काढायला लावल्या,
मग म्हणाला, "वर बघ."

खानापुरी कौलांखाली, तुळयांना टांगलेलं
केळीचं लोंगर, रामफळ, हातभर मिरची,
एक वांगं, देठाला खरे बाभळीचे काटे.
सगळं लाकूड. गोकाकचं, हलकं,
चिंचोक्याच्या खळीवर लाखेचा हात.
आमच्या आळीतलं काम ओळखायला मला दिवा लागत नाही.

"देसाई म्हणाला, देवाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं.
आणि तो तर आत येणारच नव्हता."

हैबतराव देसाई.
साग त्याचा, बैल त्याचे, चुन्याची भट्टी त्याची.
बदल्यात त्याने एवढंच मागितलं:
गोठ्यात, बाळ येशूजवळ, बैल नि गाढवाच्या पलीकडे
आपली घोडी उभी करा, खोगिरासकट.
आणि देवदूतांना मिशा.
पाद्रीबाबांनी घोडीला होकार दिला,
मिशांवर महिनाभर अडून बसले.
मिशा आहेत.

देसाईणीने सायबिणीला नथ पाठवली.
उपासाचे चाळीस दिवस ती काढून ठेवतात,
नाकाचं भोक मेणाने बुजवतात.

पुढचा डावा बाक अजून देसायांचा.
कोणी बसत नाही. बस्त्याव दर शनिवारी पुसतो.
आताचे देसाई बेळगावात, टिळकवाडीत,
गेल्या नाताळला त्यांनी पंखा दिला;
पात्यांवर नाव घातलंय,
फिरायला लागला की वाचता येत नाही.

तिसऱ्या दिवशी मी पेरूपाशी पोचलो.
शिडी धरून बस्त्याव खालून ओरडला,
"त्येला सोडून सगळं रंगव बा!"

पेरूला दात लागलेले.
वर चार, खाली तीन,
मध्ये एक फट.

देसायाची बयजा, सहा वर्षांची,
बापाच्या खांद्यावरून फळं मोजायला आलेली.
दारातच थांबला बाप, ती तेवढी आत पळाली.
टोपलीतला पेरू उचलून चावली,
आणि सगळ्या गावासमोर रडली,
की देवाच्या घरीसुद्धा फसवतात.

तिपण्णा चित्रगाराने पेरू बदलला नाही.
चावल्या जागी आतून फिकट गुलाबी भरला,
बारीक बिया काढल्या, ओल्या दिसतील अशा,
आणि सगळ्यांत खाली टांगला,
पोरीचा हात पोचेल इतका.

आता तो उंच आहे. दोरी कोणी, कधी वर घेतली
बस्त्यावला माहीत नाही.
इगर्जीच्या जुन्या वहीत चुन्याच्या गोण्या आहेत,
खिळ्यांचा हिशेब, घोडीचं नाव सोनखुरी.
बयजाचं लग्न कुठे झालं,
तो पडलेला दात पुन्हा आला का, यातलं काही नाही.

मी ब्रश पुसला.
अंगठा त्या फटीवर ठेवून पाहिला.
खाली बस्त्याव विचारत होता, "झालं काय?"
मी म्हटलं, अजून एक मिशी राहिलीय.