अग्राह्य उत्तरे

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी
पर्वरीतला आमचा सर्व्हर
दोनशे बारा फोनांना एका दमात विचारतो:
काल कितले?

शून्य ते नऊ. एकच आकडा दाबायचा.
दुसरं काही आलं तर यंत्र अदबीनं सांगतं,
उपकार करून फकत आंकडो बरोवचो,
आणि ते दुसरं काही
एका वेगळ्या फाइलीत जाऊन पडतं.
फाइलीचं नाव: अग्राह्य.

नीतिसमितीचं बजावणं आहे,
नाव घ्यायचं नाही, गाव घ्यायचं नाही.
म्हणून अठ्ठावन्नबद्दल एवढंच, की तो माडावर असतो.
रेंज आसा, हात ना,
असं त्यानं एकदा खाली उतरल्यावर कळवलं.
एकशे तीन विचारते, ग्लास व्हडलो काय ल्हान?
(यावर आमच्या तीन बैठका झाल्या. चौथी गुरुवारी.)
नव्वद: काल बायलेक वर्स जालें.
त्यालाही यंत्र म्हणालं,
उपकार करून फकत आंकडो बरोवचो.
हे मला पुसता येत नाही.
आणि एकोणीस, वय बासष्ट, दर रविवारी:
च्या पियेलें गो तूं?
विचारणारी बाई आहे हे त्याला कुणी सांगितलं
कोण जाणे.

एप्रिलात आलेख उभा चढतो.
परदेशातल्या मार्गदर्शकांनी विचारलं, काही विशेष घटना?
मी लिहिलं, हुर्राक.
त्यांनी तो शब्द जपून तळटिपेत ठेवला.

आता एकशे सतरा.
शेवंती गांवकर त्याच्याकडे अर्ज भरायला गेली होती तेव्हा
अंगणात ट्रक उभा होता, खाण थांबल्या दिवसापासून उभा,
टपावर कोंबड्या,
चाकांभोवती तायकिळो इतका माजलेला
की भाजीला पुरेल, असं ती म्हणाली.

रोज सात बाराला त्याचं उत्तर येतं: २.
रोज सात चाळीसला त्याच फोनवरून:
तो न्हावंक गेला. दोन न्हय. सात.

यंत्र पहिलं उत्तर ठेवून घेतं.
सात चाळीसचं अग्राह्य.

जून. तो: २. ती: सात.
जुलै. तो: २. ती: सात. ती: आठ.
ती: आयज विचारूं नाका.
चवथीच्या आधी ती: सहा.
मग पाच. मध्येच एकदा नऊ, नुसतं नऊ, शब्दच नाही.
मग पाच, पाच, चार.
आणि तो आपला
दोन, दोन, दोन,
शाळेच्या हजेरीत दुसऱ्याची हजेरी लावावी तसा.

मी हे कुणाला दाखवू?
रकाना एकच आहे आणि तो त्याचा आहे.
बाटल्या मोजणारीची संमती आम्ही घेतलेलीच नाही.

काल सात बाराला आलं: ३.
मी खुर्ची पुढे ओढली.
सात चाळीस.
सात बेचाळीस.
तीन, तिनं लिहिलं.
आणि मग, वेगळ्या ओळीवर:
हय. तीन.

अहवालात त्याची ओळ अशी जाईल:
दोन, दोन, दोन, दोन, तीन.
शेरा: सेवनात वाढ. उपचाराचा परिणाम आढळला नाही.

मी तळटीप मागितली.
जागा नाही म्हणाले.
हुर्राकला होती.

आज रविवार. कचेरीत मी आणि पंखा.
खाली पदेर पों पों करत वळणावरून गेला.
सात बारा होऊन गेले, चाळीस होऊन गेले,
एकशे सतराकडून काहीच नाही,
त्याचं नाही, तिचं नाही.
पडद्यावर एकच ओळ उजळली, एकोणिसाची.

नियम असा की उत्तर फक्त यंत्रानं द्यायचं.
मी माझा फोन काढला
आणि त्याला लिहिलं:
ना. अजून ना.