तिसरा आवाज

सावद्याला केळी पिकवायच्या चेंबरमध्ये आम्ही गातो.
मे महिन्यात एखादं रिकामं सापडतं.
प्रल्हाद भंगाळे कुलूप काढतो, म्हणतो,
"भो, दार लोटून घे, गारवा जाईन."
बाहेर सेहेचाळीस. आत सतरा.

कॅसेट सिलास मास्तरांची.
मिशनचा बंगला झाडताना मिळालेली, उंदरांनी सोडलेली.
कव्हरवर अमेरिकेचे चार जण,
एकाच ताग्याचे कोट,
भांगसुद्धा एकाच बाजूला.
पेटी नाही, तबला नाही, नुसते चार गळे,
आणि तरी घर भरून पाहुणे आल्यासारखं.
इतकी ऐकली की फीत ताणली,
ते चौघे अर्धी पट्टी खाली उतरले.
त्यांच्यामागून आम्हीही उतरलो.

शब्द मास्तरांनी मराठीत बसवले.
यार्देन होती तिथे तापी घातली.
"मास्तर, चालतं का असं?"
"पलीकडे जायचंय ना?
मग ओळखीच्या पाण्यातून जाऊ."

चाल मास्तरांकडे.
वरचा सूर प्रल्हादचा. तो भजनी मंडळातला,
रविवारी चर्चच्या पायरीखाली
आमच्या चपलांशी थांबतो,
पण तो सूर त्याच्यावाचून कुणाला लागत नाही.
तळाला याकोब वळवी, नवापूरचा, ट्रक चालवतो.
त्याचा खर्ज म्हणजे
कन्नड घाटाच्या पायथ्याशी भरल्या गाडीचं इंजिन;
कानाआधी तळपायाला कळतो.

मधे मी.
तिघांनी वाढून घेतल्यावर
पातेल्यात राहिलेले सूर माझे.
दोन पावलं वर, एक खाली,
मग किती वेळ जागच्या जागी,
मग एकदम अर्ध्याच पायरीवर पाय.
ह्याला कुणी चाल म्हणणार नाही.
सायकलवर गुणगुणलं
तर स्टेशन रोडचं कुत्रंही मान वळवत नाही.

सुरुवातीला मी घसरायचो मास्तरांच्या चालीत.
तिथे ऊब होती, ती सगळ्यांना पाठ होती.
मास्तर हात वर करायचे.
"बर्नबा, माझ्या घरात येऊ नको.
तुझ्याच घरात थांब.
फक्त खिडकी उघडी ठेव."

मग एका शनिवारी,
शेवटच्या ओळीतला शेवटचा शब्द: पार.
त्यातला आ.
प्रल्हादने तो जरा आत घेतला,
याकोबने रुंद केला,
मी काय केलं आठवत नाही,
काहीतरी करायचं थांबवलं बहुतेक,
आणि चौघांचा आ एकाच तोंडाचा झाला.
तेव्हा वर, छताच्या पत्र्यापाशी,
पाचवा आवाज उभा राहिला.
बारीक. आमच्यापैकी कुणाचाच नाही.

याकोबने डोळे उघडून पंख्याकडे पाहिलं.
पंखा बंद होता.

मास्तरांचा हात खाली आला, तो गेला.
"परत घ्या," प्रल्हाद म्हणाला.
परत घेतलं. आला नाही.
आठ वेळा घेतलं.
नवव्या वेळी हमाल क्रेट घेऊन दारात आले,
आणि हिरव्या केळीच्या वासात आम्ही बाहेर उन्हात.

रात्री एस्तेर कळण्याचं दळण निवडत होती.
मी भिंतीला टेकून माझा तिसरा आवाज घोकत होतो.
खडा काढता काढता
तिने नकळत वरून मास्तरांची चाल धरली.
दोन ओळी गेल्यावर म्हणाली,
"चुकतोयस रे."

"हो," मी म्हटलं,
आणि तिच्या चालीखाली
तसाच चुकत राहिलो.