पोर्ट उघडत नाही

दुपारचे अडीच. निपाणी, तंबाखूच्या वखारीमागची गल्ली.
चौदावं घर. गळ्यात मशीन, कमरेला छपाईचं यंत्र,
आणि पडद्यावर सकाळपासून तेच एक वाक्य:
पोर्ट उघडत नाही.

म्हणजे वर निळं चिन्ह आहे.
यादीत नाव आहे, नावाखाली 'जोडलेले' असंही आहे.
पण जोडलेलं म्हणजे लागलेलं नव्हे,
हे मला दस्तगीरनं शिकवलं, स्टँडमागच्या खोक्यात बसून:
"सुपारी फुटली म्हणून पोरगी नांदायला आली व्हय?
जोडी एकदाच जमती. लागायचं मात्र दर खेपेला नव्यानं."

आक्काताई दारात. हातात गेल्या महिन्याचं बिल,
देवळीत ठेवून ठेवून पुसट झालेलं.
"काय करालाईस रे सातगोंडा?
मीटर बघालाईस का जप करालाईस?"

जपच की.
ब्लूटूथ बंद, दहापर्यंत मोजायचं, चालू.
नाही.
बॅटरी काढायची, शर्टाला पुसायची, घालायची.
नाही.
मग जुनी ओळख विसरायची (विसरा असं बटणच आहे)
आणि परत पहिल्यापासून शोधायचं, चार शून्यं टाकायची.
शून्यं चालली नाहीत तर एक दोन तीन चार.
कारखान्यात कुणाला तरी घरी जायची घाई असणार.

त्यातून पोर्टं दोन. एक येणारं, एक जाणारं.
हंचिनाळात एकदा सबंध सकाळ
मी येणाऱ्यावर हाका मारत बसलो होतो.
ते ऐकायचं दार. त्यातून बोलता येत नाही.
आणि गती चुकली तर छापतं, पण काय छापतं!
चौकोन, प्रश्नचिन्हं, पाय तुटलेली अक्षरं.
चौगुले तात्यांनी कागद उन्हात धरला, म्हणाले,
"ह्ये कानडी न्हवं, मराठी न्हवं.
मग भरायचं कुणी?"
अजून त्यांच्या खुंटीला आहे तो.

आज मात्र लागलं. दिवा लुकलुकायचा थांबला.
बटण दाबलं. मशीन म्हणालं, पाठवलं.
कमरेला काहीच हललं नाही.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक:
"ए सातगोंडा! निन्न बिल्ल नन्न कडे बंदैती!"
इराप्पा. संकेश्वरचा, दोन महिन्यांपूर्वी लागलेला.
त्याचं यंत्र नि माझं एकाच खोक्यातून निघालेलं,
दोघांना नावही एकच,
मी यादीतलं वरचं दाबलं होतं.
तिकडं त्याच्या कमरेतून आक्काताई टरटरत बाहेर आल्या
आणि त्याच्या समोरचा माणूस म्हणे विचारत होता,
मी आक्काताई कधीपास्नं झालो?

भिंतीवरून बिल आलं, दगडाला गुंडाळून.
"वाच," आक्काताई म्हणाल्या.
वाचलं. दोनशे अठरा रुपये, मागची बाकी नाही.
"नाव बरोबर हाय न्हवं माझं?"
मी त्या कानडी ओळीवर बोट ठेवलं. हे तुम्ही.
त्यांनी पदरानं चष्मा पुसला
आणि त्या गोल गोल अक्षरांकडं बघत राहिल्या,
फोटो बरा आलाय का बघावं तसं.

नाव बदलायला केबल लागते, ती दस्तगीरकडं,
आणि दस्तगीर आज हुक्केरीला गेलेला.
मी यंत्राच्या पाठीवर खिळ्यानं
पत्त्याचे शेवटचे चार कोरले: सात बी शून्य नऊ.
इराप्पानं आपल्यावर हळदीचं बोट ओढलं.
कुणाच्या स्वयंपाकघरातनं आणली, विचारलं नाही.

पंधरावं घर. पोर्ट उघडत नाही.
सात बी शून्य नऊच निवडलंय, बघून निवडलंय.
माझं यंत्र आता त्याच्या मशीननं धरून ठेवलंय,
आणि एका वेळी एकालाच धरता येतं त्याला.
"इराप्पा, सोड की रे!"
"बिट्टे, बिट्टे!"

कागद वर सरकला, कोमट.