एक, दोन, चौदा

क्लेमंट टिबेट्सच्या कानांचा आलेख
मंगळवारी मीच काढला.
खालच्या सुरांपर्यंत रेघ सरळ चालते,
चार हजारांपाशी एकदम दरीत उतरते,
पलीकडे थोडी वर येते, दमल्यासारखी.
क्रेडली हीथमध्ये असे आलेख
पूर्वी गठ्ठ्यांनी निघत, म्हणतात.
आता महिन्यातून एखादा.

यंत्र बसवलं, आवाज बेतला,
बॅटरी बदलायची कशी ते दोनदा दाखवलं.
त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला,
"माझं राहू दे. तिचं बघशील का?
मुलगा विकायची म्हणतोय.
आतून तडा गेलाय का, मला आता कळत नाही."

शनिवारी गेले.
परसात विटांची खोपटी, दाराशी सायकलचं चाक,
आत एल्मच्या ओंडक्यावर ती,
कमरेला साखळीचा वेढा,
ठणठणाट शेजारी जाऊ नये म्हणून.
तो तिला 'ती' म्हणतो.
माझ्याही भाषेत ऐरण बाईच.

तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवला.
रंगाचे तीन थर निघाले: हिरवा, काळा,
आणि कुठल्यातरी युद्धातला करडा.
मग चकलीसाठी आणलेलं तांदळाचं पीठ
तळव्याने तिच्या कुशीवर चोळलं,
टॉर्च तिरपा धरला.
कारखान्याचं नाव झिजून गेलेलं,
उरलं होतं फक्त "आणि मुलगे".

क्लेमंट हसला तो खोकला येईपर्यंत.
"हिच्यावर मुलगे कुठले!
आधी आजी, मग आई, केझाया.
दिवसभर साखळीच्या कड्या,
आणि मी भात्याजवळ टोपलीत.
ही कमरेची साखळीसुद्धा आईचीच.
हिच्यावरचा पहिला मुलगा मी."

त्याच्या खाली तीन आकडे, मध्ये ठिपके.
एक, दोन, चौदा.
"आजीच्या लग्नाची तारीख," तो म्हणाला.
"एक फेब्रुवारी. दर वर्षी त्या दिवशी
हिला जवसाचं तेल लावतो."

मी पावकी-निमकी घोकून वाढलेली.
तोंडातून निघून गेलं:
एक हंड्रेडवेट म्हणजे एकशेबारा,
त्याचे दोन पाव, छप्पन्न,
वर सुटे चौदा.
एकशे ब्याऐंशी पौंड.
हे वजन आहे, क्लेमंट.

तो बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिला.
मला वाटलं, पीठ पुसून टाकावं.

पाठीवर लोखंडी पट्टी आडवी ठेवली.
दोन्ही टोकांना टेकली,
मध्ये खालून उजेड दिसला.
ही दरी मी मंगळवारी पाहिली होती.
भाच्याने ग्राइंडर आणला होता म्हणे, सपाट करून देतो म्हणून.
त्याला चहा पाजून परत पाठवलं.
वरचा पोलादी थर आधीच बोटभर,
तो घासला तर खाली नुसतं मऊ लोखंड.
"वाकडी सळई सरळ करायला
हाच खळगा लागतो," क्लेमंट म्हणाला.
"आणि थंडीत हिच्यावर एकदम घण घालू नये.
आधी एक तापलेला तुकडा ठेवायचा,
तिचं अंग निवळेपर्यंत."

मग साखळी उतरवली.
त्याने कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं,
पंजा तिच्या पाठीवर पसरला, डोळे मिटले.
मी छोटी हातोडी घेतली
आणि कुंभाराकडे मडकं पारखतात तशी
शिंगापासून टाचेपर्यंत वाजवत गेले.
खणखणीत. खणखणीत.
दर ठोक्याला त्याने
क्लिनिकमध्ये शिकवलं होतं तसं
दुसऱ्या हाताचं बोट वर केलं.

टाचेच्या डाव्या कोपऱ्यावर
आवाज बसका आला.
बोट वर झालं नाही.
मी पुन्हा मारलं, जरा जोराने.

"राहू दे," तो म्हणाला, "तिथे सुटलीय.
त्या कोपऱ्यावर काही घडवायचं नाही, एवढंच."
साखळी त्याने स्वतःच पुन्हा बांधली,
पीठ कोटाच्या बाहीने झटकलं.
आकड्यांवरचं मात्र तसंच ठेवलं.

फाटकाशी मला थांबवून म्हणाला,
"एक फेब्रुवारीला येशील ना?
तेल मी आणतो.
पाठ दुखते, खालची बाजू तू लाव."