बरणी क्रमांक तीन

एकतीस वर्षं मी या प्रयोगशाळेत काच धुतली.
आधी साबण, मग नळ, मग शुद्ध पाण्याची एक चूळ,
मग खिडकीशी धरून बघायचं.
थेंब रेंगाळला कुठे, तर पुन्हा पहिल्यापासून.
मुळ्यांची काच म्हणजे हवा, असं म्हणत इथे.

मग आली बिल्लोरेंची रक्षंदा, खरगोनकडची,
चार बरण्या घेऊन. लोणच्याच्याच, झाकणावर कैरीचं चित्र.
तळाशी कान्ह नदीचा काळा गाळ,
गाळात पुरलेलं कार्बनचं कापड,
वर पोह्यांचं धुवण, गराडूची सालं,
सराफ्यातून रात्री दोनला उचललेला
जलेबीचा उरलासुरला पाक.
म्हणाली, काका, एवढं धुवू नका हं.

वास असा की प्राचार्य दारातूनच वळले.

भिंतीवरचं घड्याळ तिने उतरवलं,
त्यातला सेल माझ्या तळहातावर ठेवला
आणि दोन तारा जोडल्या.
सेकंदकाटा थरथरला,
अवेळी उठवलेल्या माणसासारखा,
मग निघाला.

कोण चालवून राहिलंय हे? मी विचारलं.
ती म्हणाली, इवलेसे जीव, काका. उष्टं खातात.
खाल्लं की अंगात उरते कणभर वीज,
ती कुणाला तरी द्यावी लागते,
त्याशिवाय पुढचा श्वास नाही.
आपण हवेला देतो.
खाली गाळात हवा कुठली?
म्हणून ते कापडाला देतात.

त्या रात्री लोकमान्य नगरात, पंख्याखाली,
मी माझा श्वास ऐकत पडलो.
देतो म्हणे मी.
आजवर वाटायचं, घेतोच नुसता.

आणि मग तो सोमवार.
हाताला डोकं नसतं.
तीन नंबरची बरणी मोरीवर कशी आली,
कापड कधी पिळलं, ठाऊक नाही.
खिडकीशी धरली तेव्हा कळलं.
लख्ख. पलीकडचा कडुनिंब पान न् पान दिसत होता.
पाठीमागे घड्याळ गप्प,
अकरा वाजून सात.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.
मीटर लावला, आकडा बघितला,
वहीत लिहिलं :
बरणी तीन, शून्य. कारण, स्वच्छता.
बाहेरून कचरागाडी गाणं वाजवत गेली.

दुसऱ्या दिवशी, छत्र्यांच्या मागे,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून
घरच्या स्टीलच्या डब्यात मी गाळ भरत होतो.
पुलावरून कुणी ओरडलं, क्या खो गया, बाऊजी?
काय सांगणार होतो.

रक्षंदाने दोन नंबरातला चमचाभर त्यात सोडला.
विरजण, मी म्हटलं.
तिला शब्द नवा. जामन गं, जामन.
तेव्हा हसली, सोमवारनंतर पहिल्यांदा.

मग नुसतं बघत राहणं.
शून्य पूर्णांक शून्य दोन. तीन दिवस तेच.
घरी हिने विचारलं, पोह्यांचं पाणी हल्ली जातं कुठे?
सहाव्या दिवशी अकरा.
नवव्याला एकोणीस, मग उतरून चौदा,
मला जेवण गेलं नाही.
रविवारी मुद्दाम किल्ली मागून आलो,
छत्तीस.

बाराव्या दिवशी काटा हलला.

रोज चार-पाच मिनिटं मागे पडतं घड्याळ.
रक्षंदा म्हणते, लावून घ्या ना, काका.
मी लावत नाही.
त्यांचं जेवण, त्यांची वेळ.
मार्चअखेर माझीही संपतेच आहे इथली.

काच अजून धुतो. खिडकीशी धरतो.
पण तीन नंबरपाशी आलो की
ओले हात पाठीमागे बांधतो,
आणि संध्याकाळी, सगळे गेले की,
कैरीचं झाकण उघडतो,
दोन चमचे पाक सोडतो.
तो वास येतो.
मी नाक दाबत नाही.
श्वास सोडतो, सावकाश, हवेला,
घे, म्हणतो.